अबाह यायतचे कान

आमच्या मंडळात माणसाला दोनच हुद्दे मिळतात. ज्याला कळतं तो सुहू, म्हणजे गुरू. ज्याला कळत नाही तो पत्र्याच्या कानांचा. मधलं काही नसतं. बरीच वर्षं आमचे सुहू एकच होते, अबाह यायत, अबाह म्हणजे बाबा, आणि पत्र्याचे कान कुणाचे हेही तेच ठरवायचे. माझे त्यांनी पहिल्याच रविवारी ठरवून टाकले. माझ्याच दुकानात, माझीच कॉफी पिता पिता.

माझं कॉफीचं दुकान चिहापित बाजाराच्या माडीवर आहे. दर रविवारी सकाळी हेडफोनवाले येतात, टेबलं जोडतात आणि पिशव्यांतून आपापली चीजवस्तू काढून मांडतात. आमच्या बांडुंग शहरात अशी मंडळं पुष्कळ झाली आता, पण सगळ्यांत जुनं आमचं. गाणं ऐकायला जमलेली ही माणसं गाण्याबद्दल सहसा बोलत नाहीत. बास किती खाली जातो, कुठली केबल लावली की आवाज मोकळा होतो, कुणाच्या बायकोला नव्या खरेदीचा पत्ता लागला, कुणी ती सासूच्या कपाटात नेऊन लपवली, हेच चालतं. आणि कानात इअरफोनची बोंडं असल्यामुळे प्रत्येक जण ओरडून बोलतो. खालची मासळीवाली एकदा वर येऊन विचारून गेली, भांडण मिटलं का म्हणून.

आपली वस्तू दुसऱ्याला ऐकवून त्याच्या मनात भरवायची, याला आमच्यात विष पाजणं म्हणतात. विष प्यालेला माणूस आठवडाभर तळमळतो आणि पुढच्या रविवारी तीच वस्तू खिशात घालून येतो. मग सगळे टाळ्या वाजवतात. नवं काही आलं की ते एकेकाच्या घरी आठवडाभर राहायला जातं, आणि फिरत फिरत सर्वांत शेवटी सुहूंकडे. मग रविवारी सुहू निकाल देणार. अबाहंच्या निकालानंतर कुणी स्वतःचं मत सांगितलं, असं मी तरी पाहिलं नाही.

माणूस तसा साधा. माजालायाच्या एका कापड गिरणीत मागखात्यावर मुकादम होते, तिथेच केस पांढरे केले. उंच, काटक, शर्टाच्या खिशात लवंगेच्या सिगरेटी. मागांच्या खडखडाटात तिथे कुणाला कुणाचं ऐकू येत नाही, एकमेकांचे ओठ बघूनच बोलणं चालतं. ती सवय त्यांना राहिली होती. समोरचा तोंडावर हात धरून बोलला की चिडायचे. नवरीसारखं लाजायला काय झालं, म्हणायचे. आम्हाला वाटायचं, जुन्या वळणाचा माणूस आहे, शिस्त लागते.

प्रत्येकाचं एक परीक्षेचं गाणं असतं. नवी वस्तू कानाला लावली की आधी ते ऐकायचं, कारण त्यातला प्रत्येक खाचखळगा आपल्याला पाठ असतो. अबाहंचं गाणं जगात दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. त्यांची बायको अंबू ओनी, अंबू म्हणजे आई, लग्नाआधी मांडवामांडवांतून गायची. काचापीच्या तारा, सुलिंगची बासरी आणि मध्ये ही. कुणीतरी एका लग्नात कॅसेट भरून ठेवली होती, ती अबाहंनी पुढे फोनवर उतरवून घेतली. मुलगी झाल्यावर अंबूचं गाणं बंद केलं तेही त्यांनीच. बायकोने रात्रभर लोकांच्या मांडवात बसायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. आम्हाला मात्र मोठ्या दिमाखात सांगायचे की खरी ओनी या कॅसेटमध्ये आहे, घरी आहे ती नुसता भात शिजवते. आम्ही हसायचो. अंबूला आम्ही कधी पाहिलंही नव्हतं.

रेक्सा हा आमच्यातला कवळ्या बनवणारा. दातांचे डॉक्टर माप पाठवतात, हा दात करून देतो. मापाचा तोच मसाला लोकांच्या कानात भरून साचा घ्यायचा आणि कानात नेमके बसतील असे इअरफोन बनवायचे, हे त्याने आपलं आपण शिकून घेतलं. पहिला जोड तो मखमलीच्या डबीत घालून घेऊन आला. अबाहंनी कानात घातला, अंबूचं गाणं लावलं, एक ओळ पुरती व्हायच्या आत काढून टेबलावर ठेवला.

"रेक्सा, तू दातच कर," ते म्हणाले. "दात निदान आवाज करत नाहीत."

सगळे पोट धरून हसले. रेक्साही हसला, सगळ्यांच्या नंतरपर्यंत हसत राहिला, आणि ती डबी त्याने पुन्हा कधी कुणाला दाखवली नाही. वाईट माणूस नाही तो. पण विसरणारा माणूस नाही.

मग हळूहळू अबाहंचे निकाल चमत्कारिक व्हायला लागले. त्यांनी मऊ म्हणून वाखाणलेली वस्तू लोक विकत घ्यायचे आणि घरी कपाळ धरून बसायचे, इतकी ती कानाला टोचायची. बोलणार कोण? सुहू मऊ म्हणतात म्हणजे मऊच असणार, आपलेच कान कच्चे. एक जण तर रोज नेमाने ती टोचणी सोसून कान तयार करत होता. डोकेदुखीच्या गोळ्या बरोबर घेऊन यायचा बिचारा आणि सांगायचा, आता थोडं थोडं कळायला लागलंय.

उलगडा झाला तो माझ्या किटलीमुळे. माझी किटली शिट्टीची आहे आणि ती शिट्टी मेलेल्याला उठवील अशी. एका रविवारी पाणी उकळलं, किटली किंचाळायला लागली. सगळ्यांनी कानांवर हात धरले. अबाह शेगडीला पाठ करून, तिच्यापासून हातभरावर बसले होते. कानात काही नव्हतं. ते शांतपणे कॉफीत गूळ ढवळत होते. मी किटली लगेच उतरवली नाही. बघत उभी राहिले. टेबलापलीकडून रेक्साही बघत होता.

पुढच्या खेपेला फिरतीवर जी नवी वस्तू होती ती अबाहंकडे जाण्याआधी रेक्साकडे होती. त्याने ती उघडली आणि वरच्या सुरांसाठी आत जो बारीकसा तुकडा असतो त्याची तार कापून टाकली. आम्हा चार-पाच जणांना ऐकवली. गाणं रजई पांघरून झोपल्यासारखं येत होतं. बासरी तर नव्हतीच. बासरीवाला त्या दिवशी लग्नाला आलाच नाही, असं कुणीतरी म्हणालं.

रविवारी अबाह उठून उभे राहिले. निकाल उभ्याने द्यायची त्यांची पद्धत होती. वरचे सूर रेशमासारखे आहेत म्हणाले. बासरी इतकी स्वच्छ की फुंकणाऱ्याचा श्वास कळतो. बनवणाऱ्याला कान आहेत. मी इथे सगळ्यांची तेह, म्हणजे ताई. माझ्याकडे वळून म्हणाले, "तेह इमास, तुला नाही कळायचं ते. तू कॉफी आण."

मी कॉफी आणली. आत जाऊन फडक्यात तोंड खुपसून हसले, मग आणली.

बांडुंगचा माणूस तोंडावर वाईट बोलत नाही. तशी आमच्याकडे रीतच नाही. म्हणून आम्ही त्यांना सांगितलं नाही. त्याऐवजी दर रविवारी काहीतरी नवीन करून ठेवायला लागलो. कधी जाळीत कापूस, कधी आत मेणाचा ठिपका, एकदा तर एका कानाचं तोंड जवळजवळ बंदच. अबाह डोळे मिटून ऐकायचे आणि निकाल द्यायचे. बातमी पसरली तशी दुसऱ्या मंडळांतली माणसं यायला लागली, खुर्च्या कमी पडायला लागल्या. अबाहंना वाटलं, आपली कीर्ती वाढली. ते इस्त्रीचे शर्ट घालून यायला लागले. घरून गेहूचा डबा आणायचे, गेहू म्हणजे डाळीच्या अंकुरांनी भरलेला टोफू तळून अंबूने दिलेला, आणि आलेल्या पाहुण्यांना स्वतः वाढायचे. आम्ही त्यांचा टोफू खायचो आणि त्यांना हसायचो. तोंडावर हात धरून.

दया कुणाला आली नाही का, असं विचाराल तर खरं सांगते, नाही. त्या टेबलावर असा एकही माणूस नव्हता ज्याला अबाहंनी चारचौघांत पत्र्याच्या कानांचा म्हटलं नव्हतं.

खास जोडाची कल्पना रेक्साची. तो हात जोडून अबाहंपुढे उभा राहिला, अगदी नम्र. म्हणाला, आजवर तुम्ही दुसऱ्यांच्या वस्तूंचे निकाल दिलेत, आता तुमच्या कानाने घडवलेला एक जोड निघू दे. तुम्ही सांगाल तसा मी करीन, नाव तुमचं. वार्षिक मेळाव्यात सगळ्यांसमोर काढू.

अबाह म्हणाले, "गिरणीत जन्म गेला. एवढं कापड काढलं, एका वारावर माझं नाव नाही."

त्या दिवसापासून त्यांना दुसरं काही सुचेना. रोज दुपारी रेक्साच्या कारखान्यात जाऊन बसायचे. फण्यांसारख्या ओळीने लावलेल्या कवळ्या आणि मध्ये अबाह, कानात अर्धवट झालेला जोड, फोनवर अंबूचं गाणं. एकदा मीही गेले बघायला. अबाह डोळे मिटून म्हणत होते, थोडं वर. रेक्सा वरचे सूर चढवायचा. अजून थोडं वर. अजून चढवायचा. मला त्याने दुसऱ्या जोडावर ऐकवलं तर दाताला कळ लागली. रेक्साने स्वतःच्या कानात कापूस घातला होता. अबाहंचे डोळे मिटलेले, त्यांना कुठला दिसायला. शेवटी एका क्षणी त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, आता आली. आता अगदी तेव्हासारखी आली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

रेक्सा खाली मान घालून आकडे लिहून घेत होता. मी त्याला नंतर म्हटलं, पुरे कर आता, इथेच थांबव. त्याने कापूस काढून कचऱ्यात टाकला. म्हणाला, "मी काय खोटं केलंय, तेह? ते म्हणाले तसंच केलं. पहिल्यांदाच कुणीतरी त्यांचं ऐकून घेतलंय." मी निघून आले. मेळावा मलाही बघायचाच होता.

मेळाव्याच्या दिवशी माडी गच्च भरली. खालच्या मासळीवालीकडून बाकं मागून आणली. जोडावर अबाहंचं नाव कोरलेलं, सोनेरी अक्षरांत. रेक्साचा हात कारागिराचा आहे. अबाहंनी नवा बाटिकचा शर्ट शिवून घेतला होता, गिरणीतले जुने दोघे सोबती बोलावले होते, आणि पहिल्यांदाच अंबूला बरोबर आणलं होतं. ठेंगणी, नीटनेटकी बाई. अंगात लांब बाह्यांचा हिरवा केबाया, खांद्यावर ओढणी, हातात कापडी पिशवी. कुठे बसावं कळेना म्हणून दाराशीच उभी राहिली.

एकेक जण जोड कानाला लावायचा, एक ओळ सोसायचा आणि काढायचा. चेहरे वेडेवाकडे व्हायचे, डोळ्यांतून पाणी यायचं. अबाह प्रत्येकाच्या पाठीवर हात ठेवत होते.

"रडू आलं ना?" ते म्हणत होते. "मलाही आलं होतं."

हसू दाबून दाबून माणसं लाल झाली होती. मग रेक्साने जोड स्वच्छ पुसला, दाराशी गेला आणि वाकून म्हणाला, अंबू, गाणं तुमचं, तुम्हीच ऐकायला हवं. अंबू नको नको म्हणाली. अबाहंनी दुरून हातानेच घे म्हणून खुणावलं. तिने जोड कानात घातला. गाणं सुरू झालं तशी ती दचकली, पिशवी खाली पडली, आणि दोन्ही हातांनी तिने तो ओढून काढला.

अबाहंनी विचारलं, "कसं वाटलं?"

"कोण किंचाळतंय हे?"

"तू आहेस. तूच."

"मी अशी कधी गायले नाही," अंबू म्हणाली.

मग मात्र माडी फुटली. इतके महिने दाबून ठेवलेलं हसू एकदम बाहेर आलं. माणसं बाकांवरून खाली आली हसता हसता. गिरणीतले सोबती गोंधळून इकडेतिकडे बघत होते. अबाहंना ते सगळे अंबूवरच हसतायत असं वाटलं. ते तिच्यावर तापले. इतकी वर्षं घरात हेच सांगत आलोय म्हणाले, हिचे कान पत्र्याचे, स्वतःचा आवाजही हिला ओळखू येत नाही. आणि मग तिला म्हणाले, "गा. इथे गा. मूळ काय होतं आणि यात ते कसं उतरलंय, ऐकू दे यांना."

ती नाही म्हणाली. कित्येक वर्षं गायले नाही, भलतंच काय. ते म्हणाले, मी सांगतोय ना. तिने पिशवी उचलून पुन्हा हातात घेतली, ओढणी नीट केली आणि तिथेच, दाराशी उभ्याउभ्या, गायला लागली.

त्या गाण्याबद्दल फार लिहीत नाही. आम्हाला तशी सवय नाही. एवढंच सांगते की पहिल्या ओळीत हसणं थांबलं आणि दुसऱ्या ओळीत कुणीतरी हातातला हेडफोन खाली ठेवला. आवाज वयाचा होता, पण वर जाताना कुठे कच खात नव्हता. वर, बासरीच्या जागी, ती इतकी अलगद जाऊन पोचली की माझ्या अंगावर काटा आला. महागड्या वस्तूंनी टेबल भरलं होतं आणि असं काही त्या टेबलावर कधी ऐकलं नव्हतं आम्ही.

अबाह तिच्या ओठांकडे बघत होते. कपाळाला आठ्या पडत गेल्या. ती थांबली तेव्हा त्यांनी मान हलवली, निकाल देताना हलवायचे तशी.

"बसला गं आवाज तुझा," ते म्हणाले. "धार गेली. वरचं काही उरलंच नाही."

कुणी हसलं नाही. अंबू दोन पावलं पुढे आली, त्यांच्या समोर उभी राहिली. तोंड त्यांना नीट दिसेल अशी.

"माझा नाही बसला, अबाह," ती म्हणाली. "सकाळी अंगणात पाखरं ओरडतात. तुम्ही म्हणता, हल्ली पाखरंच राहिली नाहीत. मी काही बोलत नाही. किटली मीच धावत जाऊन उतरवते. नात दारात हाका मारते, तिलाही मीच सांगते, आजोबा झोपलेत."

ती ओरडून बोलली नाही. शब्दाशब्दाला ओठ नीट उघडत, सावकाश बोलली. अबाह तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांनी रेक्साकडे पाहिलं, टेबलावरच्या जोडाकडे पाहिलं, एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. आम्ही कपांत बघत होतो.

"कुणाकुणाला ठाऊक होतं?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांना," रेक्सा म्हणाला. तोंडावरचा हात काढून म्हणाला, त्यांना कळेल असं. "खूप दिवस झाले, अबाह."

मला वाईट वाटलं का? वाटलं. पण आधी बरं वाटलं, आणि वाईट वाटायला थोडा वेळ लागला.

अबाह भांडले नाहीत. कुणाला पत्र्याच्या कानांचा म्हणाले नाहीत. आपल्या नेहमीच्या खुर्चीवर जाऊन बसले. टेबलावरचा स्वतःच्या नावाचा जोड उचलला, एकेक करून कानात घातला, फोनवर गाणं लावलं आणि डोळे मिटले. आवाज एवढा मोठा ठेवला होता की बाहेर आम्हालाही ती बारीक किंचाळी ऐकू येत होती. त्यांचा चेहरा मात्र निवत गेला. खांदे खाली आले. माणसं एकेक करून पायताणं शोधायला लागली, बाकं खाली न्यायला लागली. जाताना येतो म्हणून कुणी त्यांना सांगितलं नाही.

मी अंबूला पाणी दिलं. ते तिने हातातच धरलं. ती अबाहंच्या खुर्चीशी गेली आणि म्हणाली, चला घरी. मग पुन्हा म्हणाली, जरा मोठ्याने. डोळे मिटलेले होते, ओठ बघणार कोण. शेवटी तिने त्यांच्या खांद्याला हात लावला. अबाहंनी डोळे न उघडताच एक बोट वर केलं. थांब म्हणाले, ती आता वर जाणार आहे, ते ऐकू दे.